मीम आहेत तर राजकीय व्यंगचित्र कशाला? – खाली सही असते म्हणून

सुदामा नगरच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. मुलगी एकोणीस वर्षांची, बीकॉम करतेय, वर्षभरापासून राजकीय कार्टून काढते आणि इंस्टाग्रामवर टाकते. तिचे बाबा म्हणतात की मीम फुकटात मिळतात, कार्टून आता बघतं कोण, आणि उद्या थाने-कचेरीची भानगड झाली तर निस्तरणार कोण. ताईंचं म्हणणं असं की आजच्या काळात राजकीय व्यंगचित्राचा खरंच काही उपयोग उरलाय का ते कोणीतरी नीट सांगा, आणि मुलीला करू द्यावं की नाही तेही सांगा. सोबत तिच्या चार चित्रांचे फोटो पाठवलेत.

ताई, मी एकतीस वर्षं इंदूरच्या हिंदी पेपरांसाठी कार्टून काढतोय. जन्म रामबागेतला, घरात मराठी, कॅप्शन हिंदीत, त्यामुळे जे सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि टेबलावरचं जास्त आहे.

सरळ उत्तर आधी देतो. उपयोग आहे, आणि तो आज जास्त आहे. फक्त तो लोक समजतात तो नाही. हसवणं हा त्याचा उपयोग नाही, हसू आलं तर बरंच आहे पण त्याच्यासाठी बाकी खूप लोक आहेत. मत बदलणं हाही नाही, माझं कार्टून पाहून कोणी पार्टी बदलली असं मी एकदाही पाहिलेलं नाही. उपयोग हा की माणसाची भीती थोडी कमी होते. सकाळी पोहे खाता खाता कोणीतरी ते चित्र बघतो आणि त्याला कळतं की जे आपल्या मनात होतं पण बोलायची सोय नव्हती ते एका माणसाने उघड काढलंय, खाली स्वतःचं नाव लिहिलंय, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस परत त्याच कोपऱ्यात हजर आहे. एवढंच ते काम, पण हे काम दुसरं कोणी करत नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, पेपरांवर सेन्सॉर बसला. त्याच वर्षी १० डिसेंबरला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अबू अब्राहम यांचं एक कार्टून आलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबमध्ये बसलेत, दार अर्धवट उघडं, दारातून एक हात आत आलाय, आणि सही केलेला कागद त्या हातात देता देता ते म्हणतायत की अजून अध्यादेश असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. बस. पंतप्रधान चित्रात नाहीत, पोलीस नाहीत, तुरुंगही नाही. पण त्या वेळी देशात काय चाललं होतं ते पन्नास लेखांनी सांगितलं नसतं इतकं त्या टबाने सांगितलं. मी हे चित्र नव्या मुलांना नेहमी दाखवतो आणि त्यांना म्हणतो की यात सह्या दोन आहेत, त्या बघा. एक न वाचता केलेली, राष्ट्रपतींची. दुसरी चित्राखाली, अबूंची. पहिली सही करणाऱ्याकडे सगळं राष्ट्रपती भवन होतं, दुसरी करणाऱ्याकडे एक पेन.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शंकर्स वीकली बंद झालं होतं. शंकर म्हणजे शंकर पिल्लै, १९४८ पासून ते साप्ताहिक चालवत होते, 'मला सोडू नका शंकर' असं त्यांना नेहरू म्हणायचे ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण शेवटच्या अंकात त्यांनी लिहिलं ते मला त्याहून मोठं वाटतं. हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, कारण लोक हुकूमशहालाच हसतील, अशा अर्थाचं ते होतं.

आता मीमचं. मीम वाईट नाही, त्यात हुशार मुलं आहेत, कधी कधी मला दिवसभर सुचत नाही ते एखादा पोरगा बसमध्ये बसल्या बसल्या करून टाकतो आणि मी मनापासून दाद देतो. पण मीमला मालक नसतो. ते कुठून आलं, कोणी बनवलं, पैसे देऊन बनवून घेतलं का, काही कळत नाही. आज ते या पार्टीवर आहे, उद्या चेहरा बदलून तेच त्या पार्टीवर. पार्टीच्या आयटी सेलचं मीम आणि कॉलेजातल्या पोराचं मीम व्हॉट्सअ‍ॅपवर शेजारी शेजारी पडलेलं असतं, दोन्ही सारखीच दिसतात. कार्टूनखाली नाव असतं म्हणजे त्याचा जबाबदार माणूस ठरलेला असतो. चूक असेल तर तुम्ही त्याला जाब विचारू शकता. माझ्याकडे जाब विचारायला लोक आलेत, ते पुढे सांगतो. तर भीती कमी होते ती या नावामुळे, निनावी चिठ्ठीने कोणाची भीती कमी होत नाही, उलट वाढते.

सत्तेला चित्राचाच राग का येतो, लेखाचा एवढा का नाही, हेही तुमच्या मुलीला सांगा. १८३१ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल फिलिपाँ नावाच्या संपादकावर राजाची बदनामी केली म्हणून खटला चालला. राजा लुई फिलिप, गाल खाली सुटलेले, डोकं वर निमुळतं. फिलिपाँनी कोर्टात चार चित्रं काढून दाखवली, पहिल्यात राजा, दुसऱ्यात जरा फुगलेला, तिसऱ्यात अजून, चौथ्यात सरळ एक नासपती. आणि विचारलं की यातलं कुठलं चित्र गुन्हा आहे, नासपती काढणं गुन्हा असेल तर मग दिसायला राजासारखी असलेली प्रत्येक गोष्ट गुन्हा धरा. शिक्षा झालीच, पण नंतर पॅरिसच्या भिंतींवर पोरं नासपती काढत फिरली. त्यांच्याच साप्ताहिकासाठी काढणाऱ्या दोमिएला १८३२ मध्ये राजाच्या एका चित्रासाठी सहा महिने तुरुंगात बसावं लागलं. लेख वाचायला लागतो, चित्र दिसतंच, डोळे मिटले तरच चुकवता येतं. आणि एकदा राजामध्ये नासपती दिसली की परत नुसता राजा दिसत नाही.

हे दिसणं हाच आमचा धंदा. इंदूरला याचं शिक्षण फार जुनं आहे बरं का, देवळालीकर मास्तरांनी इथे चित्रकलेची शाळा १९२७ मध्ये सुरू केली, बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी तिथून गेलेले. आणि विष्णू चिंचाळकर गुरुजी तर वाळलेल्या पानात, झाडाच्या मुळात चेहरे शोधायचे. ते काही राजकीय कार्टून नव्हे, पण एखाद्या वाकड्या मुळात म्हातारा दिसणं आणि एखाद्या मंत्र्याच्या हनुवटीत त्याचा सगळा स्वभाव दिसणं, यातला डोळा एकच.

टेबलावर हे कसं होतं ते एकदा बघा म्हणजे बाबांना वाटतं तसं पाच मिनिटांचं काम नाही हे कळेल. दुपारी चारपर्यंत मी फक्त बातम्या वाचतो, काढत काही नाही. चारला दोन-तीन विषय उरतात. मग सुचतं ते पहिलं टाकून द्यायचं, कारण पहिलं जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचलेलं असतं, खुर्चीला चिकटलेला नेता, गाजर दाखवणारा नेता, रंग बदलणारा सरडा, हे सगळं वापरून वापरून गुळगुळीत झालंय. दुसरंही बहुतेक जातं. तिसऱ्यापाशी थोडं काही मिळतं. पेन्सिलने कच्चं, मग ब्रश आणि इंडियन इंक. छापायच्या आकाराच्या दुप्पट काढायचं, कारण लहान करताना रेषा आवळते, आणि पेपरच्या कागदावर शाई थोडी पसरते, त्यामुळे बारीक जाळी काढली तर छापून नुसता काळा डाग. हल्ली मी टॅब्लेटवरही काढतो, पण ती सवय सोडली नाही, कारण मोबाईलवर सुद्धा तेच आहे. तुमच्या मुलीला सांगा, चित्र झालं की अंगठ्याएवढं करून बघ, काय चाललंय ते कळलं नाही तर चित्र चुकलंय, कॅप्शन वाढवून ते सुधारणार नाही. आणि शेवटी कॅप्शनमधला एक शब्द काढायचा. मग अजून एक. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून पेपरात रोज उभा राहिला, चौकडीचा कोट, धोतर, आणि तो बोलतच नाही, नुसता बघतो. त्याच्या बघण्यात वाचक स्वतःला बघतो. एवढी वर्षं एका माणसाला गप्प ठेवायचं आणि तरी तो आपला वाटायचा, हे किती अवघड आहे ते काढायला बसलं की कळतं. (लक्ष्मणना मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलने प्रवेश नाकारला होता, हे मुलीला जरूर सांगा.)

आता नेम कुठे धरायचा ते. याच्यावर मी जरा थांबणार आहे कारण माझ्या मते सगळं इथेच आहे.

१९९७ ची गोष्ट. एका सरकारी योजनेवर कार्टून काढलं, योजना पुढे सरकत नाहीये म्हणून तिला माणूस केलं, कुबडी दिली, एक पाय आखूड काढला, लंगडत चाललीय. पेपरात आलं, लोकांना आवडलं. दोन दिवसांनी एक गृहस्थ ऑफिसात आले. दोन मजले जिना, लिफ्ट नाही, आणि त्यांच्या दोन्ही काखेत कुबड्या. माझ्या टेबलापाशी येऊन खुर्चीवर बसले, दम घेतला, खिशातून कात्रण काढलं आणि शांतपणे विचारलं की साहेब, योजना बिघडलीय हे तुम्ही माझ्या पायावरून का सांगता? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मी त्यांना चहा विचारला, ते नको म्हणाले, आणि गेले. तेव्हापासून मी चित्र द्यायच्या आधी बघतो की यात मार कोणाला बसतोय, ज्याच्यावर काढलंय त्यालाच ना, की वाटेत उभ्या असलेल्या कोणाला. हे त्या गृहस्थांमुळे झालं आणि ते जाब विचारायला येऊ शकले कारण खाली माझं नाव होतं.

हाच प्रश्न २०१२ मध्ये देशभर निघाला होता. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं कार्टून होतं, घटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर आंबेडकर बसलेत हातात चाबूक घेऊन, आणि मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. संसदेत गदारोळ झाला, कार्टून काढून टाकायचं ठरलं, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या ऑफिसची तोडफोड झाली. माझं मत विचाराल तर तोडफोड शंभर टक्के चूक, तिथे दुसरी बाजूच नाही. शंकरनी घटनेच्या कामाला उशीर होतोय एवढंच म्हटलं होतं हेही खरं. पण ज्या समाजाने पाठीवर खरे चाबूक खाल्लेत त्यातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ते पान उघडलं तर त्याला काय दिसेल, हा प्रश्न विचारणाऱ्याला असहिष्णु म्हणून उडवून लावणं मला जमत नाही. १९४९ च्या वाचकासाठी काढलेली रेषा २०१२ च्या वर्गात जाऊन पोहोचली, आणि मधल्या साठ वर्षांत वाचक कोण हेच बदललं होतं. यावर तोडगा चित्र फाडणं नाही, वर्गात त्याच्यावर बोलणं आहे, पण बोलताना त्या मुलाचं ऐकायला पाहिजे.

आणि आपण मराठी लोक व्यंगचित्राचं कौतुक करताना एक गोष्ट टाळतो. १३ ऑगस्ट १९६० ला मार्मिक सुरू झालं, १९६६ मध्ये शिवसेना. एक व्यंगचित्र साप्ताहिक सहा वर्षांत पक्ष उभा करतं, असं उदाहरण जगात शोधून सापडणार नाही, आणि बाळासाहेबांचा ब्रश, त्यातली ताकद, मी लहानपणी काकांकडे आलेल्या अंकांवरून गिरवत शिकलोय, ते ऋण मी मान्य करतो. पण त्याच मार्मिकमध्ये 'वाचा आणि थंड बसा' म्हणून परप्रांतीय नोकरदारांच्या नावांच्या याद्याही यायच्या. मी इंदूरचा मराठी. होळकरांबरोबर आलेली आमची घराणी, किती पिढ्या झाल्या, पण हिशोबाने परप्रांतातच ना आम्ही. इथल्या कोणी उद्या अशी यादी छापली तर तिच्यात तुमचं-माझं आडनाव असेल. त्यामुळे मंत्र्यावर उचललेला ब्रश आणि शेजाऱ्यावर उचललेला ब्रश यातला फरक मला लहानपणापासून पोटात कळतो. जर्मनीत श्ट्युर्मर नावाच्या पेपराने वर्षानुवर्षं ज्यू लोकांची वाकड्या नाकाची चित्रं छापली, शेवटी त्याच्या मालकाला, श्ट्रायशरला, १९४६ मध्ये न्युरेंबर्गच्या खटल्यानंतर फाशी झाली. चित्रातही हात रंगतात. म्हणून बंडखोर कार्टून म्हणजे चांगलं कार्टून असं मी म्हणत नाही, मी विचारतो की ज्याच्यावर काढलंय तो उलटून तुझं काही करू शकतो का? करू शकत असेल तर काढ. नसेल तर दहा वेळा विचार कर.

बाबांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेणार नाही. २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना मुख्यमंत्र्यांवरचं कार्टून नुसतं फॉरवर्ड केलं म्हणून अटक झाली, जामीन लगेच मिळाला पण खटल्यातून सुटका व्हायला २०२३ उजाडलं. त्याच वर्षी असीम त्रिवेदींवर मुंबईत राजद्रोहाचं कलम लागलं, नंतर मार्च २०१५ मध्ये मुंबई हायकोर्टाने राजद्रोह कधी लावायचा याच्या मर्यादा सांगितल्या, आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी अटक करता येणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम पूर्ण रद्द केलं. म्हणजे कायदा आपल्या बाजूने सरकला सुद्धा आहे. पण आपल्याच इंदूरच्या एका व्यंगचित्रकारावर मे २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला, जुलैत हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने अटकपूर्व जामीन नाकारला, मग त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने अटकेपासून अंतरिम संरक्षण दिलं. त्या दोन महिन्यांत त्या घरात काय चाललं असेल ते मी इथे बसून समजू शकतो. तेव्हा काळजी घ्या, देवाधर्माचं चिन्ह चित्रात खरंच लागतंय का ते दोनदा बघायचं, नेत्याची बायको-मुलं चित्रात आणायची नाहीत, रात्री चिडून काढलेलं रात्री पोस्ट करायचं नाही, मूळ कागद तारीख घालून फाईलला ठेवायचा, ओळखीचा एक वकील असू द्यायचा. एवढं केलं की धोका संपतो असं मी म्हणणार नाही, कमी होतो.

पण खरं सांगू का, एकतीस वर्षांत माझं नुकसान पोलिसांनी केलं नाही. ते फोनने केलं. एका पेपरात होतो तेव्हा रात्री साडेआठला फोन यायचा, दादा आज हे राहू द्या, क्रिकेटवर काहीतरी देऊन टाका. का ते कोणी सांगायचं नाही, जाहिरात असेल, वरून कोणी बोललं असेल. मी दिलं क्रिकेटवर. दुसऱ्यांदाही दिलं. असं काही महिने चाललं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की फोन आलाच नाहीये आणि मी दुपारी चारलाच क्रिकेटवर काढायला बसलोय. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. तो पेपर मी तीन महिन्यांत सोडला, पण तेव्हा शिकलो की कार्टून बंद होतं ते असं, कोणाला कळत पण नाही. बाहेरही तेच चाललंय, न्यूयॉर्क टाइम्सच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीने एका चुकलेल्या चित्राच्या वादानंतर १ जुलै २०१९ पासून रोजचं राजकीय कार्टूनच काढून टाकलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या अ‍ॅन टेल्नेस यांनी राजीनामा दिला, कारण मोठे उद्योगपती, त्यात पेपरचे मालकही, ट्रम्पपुढे गुडघे टेकतायत हे त्यांचं चित्र छापायला नकार मिळाला. त्याच वर्षी त्यांना पुलित्झर मिळालं.

पैशाचं एका ओळीत सांगतो, यावर घर चालत नाही, बीकॉम पूर्ण करू द्या.

आता तिची चार चित्रं. पहिली दोन दिल्लीवरची आहेत, हात चांगला आहे पण ती तिने पाहिलेली नाहीत, वाचलेली आहेत, आणि चेहरे दुसऱ्या कार्टूनिस्टच्या चित्रांवरून घेतलेत ते कळतं. तिसऱ्यात प्रत्येक वस्तूवर लेबल लावलंय, महागाई, जनता, विकास, ती सगळी खोडायला सांगा. चौथं मी मोबाईल बाजूला ठेवून परत उचलून पाहिलं. पावसात पार्षद, म्हणजे नगरसेवक, उभे आहेत, छत्री उघडलेली, पण छत्री त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यावर धरलीय, खड्डा भिजू नये म्हणून, आणि शेजारी एक शाळेची मुलगी दप्तर डोक्यावर घेऊन चिंब भिजतेय. एक शब्द नाही. हे तिने गल्लीत पाहिलंय, आणि पार्षदांची ती मान खाली घालून खड्ड्याकडे प्रेमाने बघायची जी ढब आहे ना, ती शिकवून येत नाही.

पहिल्या तिन्ही चित्रांवर तिने खाली पूर्ण नाव लिहिलंय. चौथ्यावर नाही. दिल्ली लांब आहे आणि पार्षद दोन गल्ल्या सोडून राहतात, मला ते समजतं, आणि बाबांनाही समजत असणार. येत्या रविवारी सकाळी तिला घेऊन या, बाबांनाही आणा, मूळ कागद सोबत असू द्या. सही करायची की नाही ते तिचं तिला ठरवू देऊ, मी त्यात बोलणार नाही. पण फोटो मोठा करून पाहिला, उजवीकडे खाली पावसाच्या रेषा तिने मुद्दाम थांबवल्यात, दोन बोटं जागा कोरी सोडलीय.